मागचंही दिसलं पाहिजे

तो पहिल्यांदा स्टुडिओत आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. गिऱ्हाईक म्हणत होतं, पासपोर्टच्या फोटोतली हनुवटीखालची वळी काढून टाका. मी म्हणत होते, काढते, पण विमानतळावरच्या माणसानं ओळखलं नाही तर माझ्या नावानं खडे फोडू नका. गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं. वहिनीनं काउंटरवरून माझ्याकडे एक नजर टाकली, त्यात सगळं आलं. स्टुडिओ दादाचा, काउंटर वहिनीचं, कॅमेरा माझा. आणि भांडणंही माझीच.

"पुढचं कोण?" मी त्याच आवाजात विचारलं.

दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. छत्रीचं पाणी बरोबर पायपुसण्यावरच पडावं म्हणून ती दोन्ही हातांनी धरलेली. माझा आवाज ऐकून तो अर्धं पाऊल मागे सरकला.

"मी... नंतर येऊ का?"

"नंतर मी आणखी चिडलेली असेन. आत्ताच बोला."

तो हसला. तोंडानं नाही, नुसता डोळ्यांनी. खिशातून कागदात गुंडाळलेलं मेमरी कार्ड काढून त्यानं काउंटरवर ठेवलं. "यातला एक फोटो मोठा करून हवा होता. पक्ष्याचा."

मी फोटो उघडला. पानं, भिंत, पाइप, गळका नळ. सगळं दिसत होतं आणि सगळं हललेलं होतं.

"यात पाखरू कुठंय?"

"आहे."

"कुठे?"

तो वाकून स्क्रीनमध्ये बघायला लागला. त्याच्या बोटांना खळीचा वास येत होता. काचेला हात न लावता त्यानं दाखवलं. "हे."

"हे पान आहे."

"पानामागे आहे ती. ही बघा शेपटी."

"ही काडी आहे."

त्यानं बराच वेळ निरखून बघितलं. "हो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "काडीच आहे. मग ती उडाली असणार."

वहिनी फिस्सकन हसली. मग मीही हसले. त्या दिवसातलं पहिलंच हसू होतं ते.

त्यानं जे सांगितलं ते असं. सार्वजनिक वाचनालयात तो बाइंडर आहे. फाटकी पुस्तकं पुन्हा शिवतो. त्याची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला, खिडकीखालीच टेबल, खिडकीबाहेर परस. परसात एक अंजिराचं झाड, माणसाच्या उंचीचं. त्या झाडावर एका शिंपी पक्षिणीनं दोन पानं शिवून घरटं केलंय. तो खिडकीच्या कट्ट्यावर दोऱ्याचे तुकडे टाकतो, ते तिनं नेलेत. आत पिल्लं आहेत, आवाज येतो. आणि येत्या शनिवारी ते झाड तोडणार आहेत, कारण कार्यकारिणीला तिथं दुचाकींचा स्टँड हवाय.

"मग सांगा ना त्यांना पिल्लं आहेत म्हणून."

"सांगितलं. बघायला आले होते पाच जण. पाच जणांना बघून ती कशाला येतेय? दहा मिनिटं थांबले आणि चहाला वर गेले. चिटणीस म्हणाले, हे वाळकं पान आहे." त्यानं छत्रीची मूठ एकदा फिरवली. "कार्यकारिणीत एक बाई आहेत, म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, चालू घरटं असल्याचा पुरावा आणा, पिल्लं उडेपर्यंत थांबू. गुरुवारी चारला बैठक आहे. आज सोमवार."

"म्हणजे पिल्लांचा जीव एका फोटोवर आलाय."

"हो... माझ्या फोटोवर," तो म्हणाला आणि स्क्रीनवरच्या काडीकडे बघून त्यानं मान खाली घातली.

मला अशा माणसांचा राग येतो. जे आरडाओरडा करत नाहीत त्यांचा. कार्यकारिण्या अशाच माणसांच्या जिवावर चालतात.

"मी काढते," मी म्हणाले.

"तुमचे पैसे..."

"पैशांचं वहिनीशी बोला. ती माझ्यापेक्षा गोड बोलते."

"उद्या सकाळी येईल ती," वहिनी लगेच म्हणाली. "एरवी दहापर्यंत उठत नाही, पण उद्या उठेल."

---

मंगळवारी सकाळी मी माझी सगळ्यात भारी लेन्स घेऊन गेले. लांब पल्ल्याची, अडीच किलोची. झाडापासून चार पावलांवर बसले, समोर आडोशाला ओली चादर टांगली, वाळत घातल्यासारखी, आणि लेन्सचं भोक पूर्ण उघडलं.

हे भोक म्हणजे आमच्या धंद्याची जादू. मोठं उघडलं की एक पातळ पापुद्रा तेवढा स्पष्ट येतो, बोटभर जाडीचा. त्याच्या मागचंपुढचं सगळं वितळून जातं. भिंतीचे पोपडे, नळ, पाइप, काही म्हणजे काही उरत नाही. मी दहा वर्षं हेच करत आले. लोकांच्या मागची घरं, पसारा, वाळत घातलेले कपडे, सगळं उडवलं. लोक खूश होतात. आपल्या मागचं कुणालाच नको असतं.

पक्षीण दीड तासानं आली. अंगठ्याएवढी, हिरवट पाठ, डोक्यावर विटकरी टोपी, शेपटी उभी. चोचीत अळी. मी दाबलं. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकासुद्धा आला.

खिडकीतून तो बघत होता. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली, तसा तो कट्ट्यावरून अर्धा बाहेर आला. स्क्रीनला नाक लागेल इतका वाकला.

"काय झालं?"

"काही नाही. रोज बघतो हिला... पण हिच्या पापणीला कड आहे हे आज कळलं." मग हळूच, "तुम्ही असं कुणाकडेही बघू शकता?"

"पैसे दिले तर."

"मी अजून दिले नाहीयेत."

"म्हणून तर अजून तुमच्याकडे बघितलं नाही."

तो इतका लाल झाला की मला वाटलं याला पाणी द्यावं. मी सामान आवरायला लागले. मला असलं बोलायची सवय नव्हती. भांडायची होती.

दुपारी चिटणिसांनी फोटो हातात घेतला. निवृत्त अधिकारी. शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"फोटो सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हा आमच्या आवारातला कशावरून?"

"म्हणजे?"

"मागे नुसतं हिरवं पाणी दिसतंय. हा कुठल्याही बागेतला असू शकतो, मासिकातलाही असू शकतो. उद्या तुम्ही मला शहामृगाचा फोटो आणून द्याल." त्यांनी फोटो सरकवला. "पक्षी हवा, घरटं हवं आणि मागे आमची जागा हवी. एकाच फोटोत. मागचंही दिसलं पाहिजे."

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. बाइंडरनं मागून माझ्या पिशवीचा पट्टा धरला आणि मला ओढत बाहेर आणलं.

"सोडा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

"बोलून झालं की ते शनिवारऐवजी उद्याच तोडतील."

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं..." तो अडखळला. "ते बरोबर बोललेत. वाईट माणूस बरोबर बोलला तर फार राग येतो ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. आणि खरं होतं ते. चूक माझीच होती. पासपोर्टच्या करड्या पडद्यासमोर दहा वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाचीच असते अशी चूक. पडद्यामागे काही नसतं, त्यामुळे मागे काही असू शकतं हेच मी विसरले होते.

---

बुधवारी आभाळ भरून आलं. मी लेन्सचं भोक बारीक केलं. बारीक केलं की पाखरू, पान, भिंत सगळं स्पष्ट येतं, पण उजेड कमी पडतो. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याची पापणी उशिरा मिटते. आणि ती पक्षीण एक क्षण स्वस्थ बसेल तर शपथ. पन्नास फोटो काढले. पन्नासही फोटोत भिंत कोरल्यासारखी आणि पाखराच्या जागी हिरवा धूर.

"फ्लॅश मारला तर?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"घरट्यावर फ्लॅश मारणारे लोक मी बघितलेत. फांद्या छाटून घरटं उघडं करणारेही बघितलेत, फोटो चांगला यावा म्हणून. नंतर कावळे पिल्लं नेतात, आणि यांना बक्षीस मिळतं." मी कॅमेरा खाली ठेवला. "माझ्यासमोर नका म्हणू परत."

"नाही म्हणणार," तो म्हणाला. जरा थांबून, "चहा देऊ? खोलीत या. बाहेर ठिबकायला लागलंय."

बाइंडिंगची खोली मी पहिल्यांदाच आतून बघितली. कोपऱ्यात लोखंडी शिकंजा, त्यात चार पुस्तकं दाबून ठेवलेली. भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. टेबलावर उसवलेलं एक जाडजूड पुस्तक, त्याचे जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, वेगळे करून ओळीनं मांडलेले. एकेका जुजाच्या घडीत तो दाभणानं भोकं पाडत होता, मग त्यातून मेण लावलेला दोरा. कपाला कान नव्हता, म्हणून त्यानं तो पुठ्ठ्याच्या पट्टीत धरून मला दिला.

"किती वेळ लागतो एकाला?"

"फाडणाऱ्यावर आहे."

"आणि कोण बघतं हे? शिवण तर आतच राहते."

"बघायला नसतेच ती. उघडल्यावर पान हातात आलं नाही की झालं." त्यानं दोरा ओढून घेतला. "तुमचं उलट आहे. दिसलं नाही तर काहीच नाही."

खिडकीच्या काचेवर थेंब सरकत होते. बाहेर पक्षीण भिजल्या पंखांनी आली, घरट्यात डोकावली, गेली. आम्ही दोघं काचेपासून हातभर अंतरावर होतो आणि तिला आमचं काही पडलेलं नव्हतं.

"मी बाहेर असते तेव्हा दीड तास लावते ही," मी म्हणाले. "आणि आत्ता बघा."

"मला सवयीची आहे ती. मी इथं बसून शिवतोय म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटत असेल तिला. तुम्ही जवळ बसता, म्हणून..." तो थांबला.

"बोला ना."

"रागावणार नाही?"

"रागावेन. तरी बोला."

"जरा मागे बसा ना. परसातल्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथून सकाळी पावणेअकराला ऊन येतं, टाकी आणि भिंत यांच्या फटीतून. पंधरा-वीस मिनिटं असतं. थेट अंजिरावर. मी सहा वर्षं बघतोय."

"टाकीपासून पाखरू मुंगीएवढं दिसेल."

"दिसू दे ना. पाखराला काय, त्याला जगायचंय."

मी चहाचा घोट घेतला आणि डोक्यात एकदम उजाडलं. मागे सरकलं की स्पष्टतेची जाडीही वाढते. बोटभराची हातभर होते, हातभराची खोलीभर. लहान लेन्स लावली तर आणखी. हे मला सोळाव्या वर्षापासून पाठ आहे. पण जवळ घुसायची खोड लागली की पाठ केलेलं उपयोगाला येत नाही.

"बाइंडरसाहेब," मी म्हणाले, "तुम्ही मला माझा धंदा शिकवताय."

"नाही हो, मॅडम, मी फक्त..."

"मॅडम म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. उद्या साडेदहाला खिडकीत बसायचं, नेहमीसारखं. पुस्तक शिवायचं. पाखराकडे बघायचं नाही, माझ्याकडे तर नाहीच."

"बरं," तो म्हणाला. आणि हे 'बरं' म्हणतानाही माझ्याकडेच बघत होता.

घरी वहिनीनं विचारलं, "आला का फोटो?"

"नाही."

"मग एवढी खूश का दिसतेयस?"

"कोण खूश आहे? पाऊस पडतोय, पन्नास फोटो वाया गेलेत."

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाली.

---

गुरुवारी ऊन पडलं. मी साडेदहाला टाकीला पाठ लावून पालथ्या बादलीवर बसले. लहान लेन्स, भोक बारीक. समोर आठ पावलांवर अंजीर, त्यामागे दोन पावलांवर त्याची खिडकी. खिडकीशेजारी भिंतीवर काळ्या रंगात पाटी रंगवलेली होती. 'या ठिकाणी वाहने लावू नयेत. हुकुमावरून, चिटणीस.' हीच ती जागा जिथं ते स्टँड करणार होते. असल्या लोकांना लाज नसते, नुसते हुकूम असतात.

पावणेअकराला उजेडाची एक पट्टी भिंतीवरून सरकत आली आणि अंजिरावर थांबली. पानं आतून पेटल्यासारखी दिसायला लागली. पक्षीण तारेवर आली, तिथून फांदीवर, फांदीवरून घरट्याच्या तोंडाशी. मी एकेचाळीस वेळा दाबलं. ऊन गेलं.

तशीच स्टुडिओत आले. दार लावून घेतलं, एकेक फोटो मोठा करून बघायला लागले. चाळीसांत काही ना काही बिनसलं होतं. पाखराचं डोकं वळलेलं, पान आडवं आलेलं, पंख हललेला. एकच बरोबर होता. चोचीत अळी, घरट्यातून वर आलेल्या दोन पिवळ्या चोची, दोऱ्याचे टाके, मागे चिटणिसांची पाटी, अक्षर न् अक्षर. मी खुर्चीतच टाळी वाजवली. मग सवयीनं कडा तपासायला लागले.

आणि खिडकीत तो होता.

मंगळवारच्या फोटोत त्याच जागेवर नुसतं हिरवं पाणी होतं. आज सगळं स्पष्ट होतं, तोही. हातात दाभण, दोरा ताणलेला, मांडीवर पुस्तक उघडं. तो शिवत नव्हता. पाखराकडेही बघत नव्हता.

मी आजवर हजारो चेहरे लेन्समध्ये बघताना पाहिलेत. सगळे घाबरलेले असतात, की आपण कसे दिसू. याला आपण कसे दिसतोय याची शुद्धच नव्हती. लेन्स त्याच्या लेखी नव्हतीच. तो लेन्सच्या मागे बघत होता, बादलीवर बसलेल्या बाईकडे. जिचे केस पिंजारलेले, कपाळाला आठ्या, ओठ दाताखाली... तिच्याकडे असं बघण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. मी तो चेहरा आणखी मोठा केला. मग आणखी. मग स्क्रीन बंद केली आणि पाणी प्यायले.

वहिनी दार ढकलून आत आली. तिनं स्क्रीन चालू केली. बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. आणि चक्क काही चेष्टा न करता बाहेर गेली.

---

दोन वाजता मी त्याच्या खोलीत गेले. फोटो छापून नेला होता, मोठा, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या मापाचा. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "एकच आलाय. नीट बघा. सगळीकडे बघा."

त्यानं आधी पाखरू बघितलं, मग चोची मोजल्या, मग पाटी वाचून हसला. मग त्याची नजर खिडकीवर गेली आणि हसू थांबलं.

खोलीत खळीचा डबा झाकायचा राहिला होता, त्याचा वास भरून होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"हे कापता येईल?" शेवटी त्यानं विचारलं.

"येईल. पण पाटी अर्धी जाईल. ते म्हणतील ही दुसरीच भिंत आहे."

"मग... चेहरा धूसर?"

"रोज तेच करते मी. दोन मिनिटांचं काम आहे. पण मग चिटणीस म्हणणार, यावर हात फिरवलाय. आणि ते खरं असेल."

"तुम्हाला लाज वाटतेय का या फोटोची?"

"मला? माझं तोंड कुठंय त्यात? चारला पाच माणसं हा फोटो हातात घेऊन बघतील. चिटणीस भिंग लावून बघतील. तुम्हाला इथं उद्याही नोकरी करायचीय. म्हणून विचारायला आले. तुम्ही नाही म्हणालात तर दाखवणार नाही."

"आणि पिल्लं?"

"ते नका बघू. तुमचं सांगा."

तो बराच वेळ टेबलावरचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

"राहू द्या," तो म्हणाला.

"राहू द्या म्हणजे? फोटो राहू द्या, का चेहरा राहू द्या?"

"चेहरा राहू द्या." त्यानं वर बघितलं. अगदी तसंच, जसं फोटोत बघत होता. "वरच्या पाच जणांची काय भीती? मला एकाच माणसाची होती. त्या माणसानं तर बघितलं."

मी फोटो उचलला आणि म्हणाले, "पावणेचारला वर या. शर्ट बदला, खळ सांडलीय."

---

बैठकीत फोटो हातोहात फिरला. म्हाताऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाशी धरला. पाटी वाचून खांदे हलेपर्यंत हसल्या, पण काही बोलल्या नाहीत. चिटणिसांनी खरंच भिंग काढलं. पाखरू तपासलं, पाटी तपासली. तिथं काही सापडेना म्हणून खिडकीवर आले.

"हा कोण? बाइंडर का?"

"हो, साहेब."

"वेळ काय ही कोपऱ्यात छापलेली? पावणेअकरा. कामाची वेळ. संस्था पगार देते ती पुस्तकं शिवायला. पक्षी बघायला नाही."

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी तो बोलला.

"साहेब, पक्षी नव्हतो बघत."

"मग काय बघत होतात?"

"यांना."

त्यानं माझ्याकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. कोषाध्यक्षांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं. चिटणीस भिंग हातात धरून एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. पडताळून बघत असावेत.

"ते ठरावात लिहायची गरज नाही," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "ठरावात लिहा, घरटं चालू आहे, पिल्लं दोन. उडेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही."

"कमाल मुदत वीस दिवस," चिटणीस पुटपुटले.

"लिहा वीस दिवस. आणि तुमच्या पाटीचंही काहीतरी करा, बरं दिसत नाही ते."

जिन्यात मी त्याला गाठलं. "मला न विचारता बोललात सगळ्यांसमोर."

"रागावलात?"

"हो."

"उद्या याल?"

"येईन. कॅमेरा नाही आणणार."

तो दोन पायऱ्या खाली उतरला, थांबला, वळला, काहीतरी म्हणणार होता. मग नुसता हसला. या वेळी तोंडानंसुद्धा.

---

पिल्लं बाराव्या दिवशी उडाली. एक सकाळी, एक दुपारी. दुसरं फार भित्रं होतं. मी त्याला खिडकीतून इतक्या शिव्या घातल्या की बाइंडर म्हणाला, "अहो, लहान आहे ते."

आणि एकविसाव्या दिवशी झाड तोडलं. मी खोटं लिहिणार नाही. फोटोनं झाड वाचत नाही. फोटोनं वीस दिवस मिळतात, आणि त्या दोघांना तेवढेच हवे होते.

तोडायला आले तेव्हा मी त्याच्या खोलीतच होते. तो खिडकीला पाठ करून एक पुस्तक शिकंज्यात आवळत होता. कुऱ्हाडीचा घाव बसला की टेबलावरचं दाभण थरथरायचं. मी कार्यकारिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मोठ्यानं.

"हळू. वर ऐकू जाईल."

"जाऊ दे." मग मी थांबले. बाहेरही जरा वेळ शांत झालं. "एक विचारू? माझा राग तुम्हाला सोसेल?"

"कुठला? आत्ताचा, का नेहमीचा?"

"नेहमीचा."

"तो मी काचेतून बघितलाय तीन दिवस. आवाज येत नव्हता, एवढंच." त्यानं शिकंज्याचा दांडा सोडला. "आवाजासकटही बरा आहे."

मला हसू आलं. डोळ्यात पाणी होतं त्यातूनच आलं.

"मग हो," मी म्हणाले.

"कशाला हो?"

"तुम्ही विचारणार आहात त्याला."

"मी अजून विचारलं कुठंय?"

"मग विचारा."

त्यानं हात फडक्याला पुसले. एकेक बोट, अगदी सावकाश. बाहेर फांदी ओढत नेल्याचा आवाज आला, तो विरेपर्यंत थांबला. मग त्यानं विचारलं. दोनदा अडखळला, एकदा अर्ध्यातून पुन्हा सुरुवात केली, आणि माझं नाव घेताना खाली बघितलं.

मी मध्ये एक शब्द बोलले नाही.